दत्ताकाकांचं रुंद पान

दत्ताराम भाटकरांकडे मोबाइल होता, पण तो त्यांच्या खिशात कधी कुणाला दिसला नाही. पडवीतल्या फळीवर, एका जुन्या ट्रान्झिस्टरच्या शेजारी, तो ठेवलेला असे. वाजला की काका हातातलं काम बाजूला सारून उठत, पडवी ओलांडून फळीपाशी जात आणि चिऱ्याच्या भिंतीला एक हात टेकून उभ्याउभ्या बोलत. बोलणं झालं की फोन परत फळीवर. मी एकदा म्हटलं, "काका, मोबाइल जवळ बाळगायचा असतो, गुरासारखा एका जागी बांधायचा नसतो." त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "निरोप येतो तेव्हा माणसानं उठून घ्यावा गो बाय. लोळत घ्यायची वस्तू हाय काय ती?"

मी रत्नागिरीत एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे असल्या माणसांवर हसायची मला सवय आहे. दत्ताकाकांवरही मी बरीच वर्षं हसले. आता ते नाहीत, आणि ते हसणं नेमकं कुठल्या दिवशी बंद झालं ते मला सांगता येतं.

काका आमच्या वाडीतले. रत्नागिरीहून पूर्णगडाकडे जाताना खाडीच्या अलीकडे ही वाडी लागते, माझं माहेर तिथलं. जवळजवळ प्रत्येक घरातला एखादा पुरुष बोटीवर असतो. कुणी खलाशी, कुणी फिटर, कुणी कुक, एखादा इंजिनिअर. काका त्यांच्या काळात रेडिओ ऑफिसर होते. बोट आणि जमीन यांच्यामधलं सगळं बोलणं त्यांच्या एका लहानशा खोलीतून आणि तारयंत्रावर टकटक करणाऱ्या एका बोटातून चालायचं. मग उपग्रह आले, आणि रेडिओ ऑफिसर हा माणूसच बोटींना नकोसा झाला. काका पन्नाशीत घरी आले. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केलेली मी ऐकली नाही. फक्त जेवताना विचारात गढले की त्यांचं बोट ताटाच्या कडेवर टकटक करत राही, आणि शेवंतीकाकी म्हणत, "जेवा आधी. कुणाला कळवताय?"

शनिवार-रविवारी मी एक छोटा वर्ग घेत असे, कोड न लिहिता वेबसाइट कशी बनवायची याचा. तयार चौकोन माउसने ओढायचे, जागेवर बसवायचे, मजकूर भरायचा आणि पब्लिशचं बटण दाबायचं. आंब्याच्या पेट्या विकणारे, घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारे, एक ब्यूटी पार्लरवाली, अशी मंडळी येत. त्यात एकदा पहाटेच्या एसटीने काका आले. हातात वही, खिशाला दोन पेनं, इस्त्रीचा पांढरा शर्ट. वर्गात ते मला मॅडम म्हणत, दाराबाहेर पाऊल पडलं की गो बाय.

पहिल्याच दिवशी मी नेहमीचं सांगितलं. आधी मोबाइलवर कसं दिसतं ते बघा, मोठ्या स्क्रीनचं नंतर. सगळी दुनिया आता मोबाइलवर आहे. काकांनी हात वर केला. "मॅडम, माझी माणसं मोबाइलवर नायत."

"मग कुठं आहेत?"

"समुद्रात."

वर्ग हसला. मीही हसले.

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला चहाच्या टपरीवर उभं राहून समजावलं. सगळ्या बोटी काही टीव्हीत दाखवतात तशा नसतात. आपल्या पोरांना मिळतात त्या जुन्या, कंपन्या चिकट. किनारा सुटला की खिशातला फोन म्हणजे नुसतं घड्याळ. जेवायच्या खोलीत सगळ्यांत मिळून एकच कॉम्प्युटर, पार म्हातारा. रविवारी प्रत्येकाला अर्धा तास इंटरनेट, तेही मुंगीच्या पावलांनी चालणारं. त्यावर नवीन काही भरायला बंदी. "आता सांग, एखादं ॲप दिलं तरी तो ते कुठं घालणार? वेबसाइट मात्र उघडते. पण ती अशी पाहिजे की पान उघडलं की घर दिसलं. इकडं दाब, तिकडं दाब करत बसला तर त्याचा अर्धा तास तिथंच संपला."

तसं पान त्यांनी बनवलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकी कुरूप वेबसाइट पाहिली नाही. फोटो एक नाही, रंग एक नाही. डाव्या बाजूला वाडीतल्या घरांची नावं, मधे त्या आठवड्याची बातमी, उजवीकडे तारीख. मोठ्या स्क्रीनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं एकच रुंद पान. मोबाइलवर उघडलं की अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढत. मी ते नीट करायला सांगितलं तर म्हणाले, "वाडीत राहणाऱ्यांनी वाडीची बातमी मोबाइलवर कशाला बघायची? दारात जाऊन विचारा की." पानाला पासवर्ड होता, आमच्या ग्रामदेवतेचं नाव. ते विसरणारा माणूस वाडीत जन्मलेला नाही.

पहिल्याच रविवारी एका बोटीवरून निरोप आला की पानभर नुसते चौकोन दिसतायत. त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला मराठी अक्षरंच येत नव्हती. मी म्हटलं, आता झालं. काकांनी मात्र प्रत्येक मराठी ओळीखाली तीच ओळ इंग्रजी अक्षरांत टाईप केली. तारेतून मराठी आयुष्यभर अशीच पाठवली होती, त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

पडवीत त्यांनी बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला होता. घरोघरचे लोक आठवडाभर त्यात चिठ्ठ्या टाकत. गाय व्याली. धाकटीला दहावीला चांगले मार्क पडले. विहिरीचा पंप जळला. आई कापणीला गेली, गुडघा बरा आहे. शनिवारी दुपारी काका पडवीतल्या कॉम्प्युटरवरचा काकीने विणलेला रुमाल घडी करून ठेवत, चष्मा पुसत आणि एकेक चिठ्ठी पानावर चढवत. रविवारी कुणी पान वाचून उलट दोन ओळी पाठवल्या की वहीत त्याच्या नावापुढे 'पो.' लिहीत. पोचली.

आता त्या वहीबद्दल सांगायला हवं, कारण काकांमधला सगळा माणूस त्या वहीत होता.

आमच्याकडे अशी रीत आहे की बोटीवरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. त्याला येता तर येत नाही, भर समुद्रात जिवाला घोर मात्र लागतो, त्यात काही करून बसला तर काय घ्या. म्हणून सगळं घर, सगळी वाडी गप्प राहते, आणि तो करार संपल्याची सही करून, बॅग उचलून, हसत अंगणात आला की मग त्याला कळतं. ही रीत प्रेमातूनच पडलेली आहे. पण काकांना तिचा राग होता. त्यांचे वडील वारले तेव्हा ते बोटीवर होते. आईने त्यांना कळवलं नाही. काका वडिलांना पत्रं लिहीत राहिले आणि वडिलांच्या नावाने उत्तरं येत राहिली, सगळे बरे आहेत, तू काळजी करू नको. शेजारच्या कुठल्या मुलीकडून आई ती लिहून घेत असे. पाच महिन्यांनी काका वडिलांसाठी ट्रान्झिस्टर घेऊन घरी आले, तेव्हा ओसरीवर बसलेल्या आईचं कोरं कपाळ त्यांना दिसलं. फळीवरचा ट्रान्झिस्टर तोच. तो कधी लावला गेला नाही.

"पाच महिने मी मेलेल्या माणसाला विचारत होतो, खोकला कसा हाय," काका मला म्हणाले होते. एवढं एकदाच बोलले.

म्हणून बोटीवर निघालेल्या प्रत्येकाला ते जायच्या आधी पडवीत बोलावत आणि विचारत, "वाईट बातमी आली तर पानावर लिहू की नको?" हो की नको, एवढंच. मग वहीत सही. नको म्हणणारेही होते, त्यांच्या घराची ओळ अशा वेळी कोरी राही. काकांनी त्यांना कधी भरीस घातलं नाही. पण ज्याने हो म्हटलं त्याचं हो म्हणजे हो. त्यांचा मुलगा नितीन थर्ड इंजिनिअर होऊन निघाला तेव्हा मी तिथेच होते. तो हसून म्हणाला, "बाबा, मला काय विचारताय? लिहा की." काकांनी वही पुढे सरकवली. "तसं नाय. हो लिही आणि सही कर."

सुधीर म्हणून एक खलाशी होता. त्याचा थोरला भाऊ होडीवरच वारला, दुपारी, छातीत कळ येऊन. काकांनी वही काढून पाहिली, 'हो' होतं. शनिवार नव्हता तरी स्क्रीनवरचा रुमाल काढला. ओळ लिहिली, दोनदा वाचली. मग खुर्ची मागे सारून उठले, ताठ उभे राहिले आणि उभ्याने वाकून बटण दाबलं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, बोटीवर असताना अशी तार आली की ती ते कधी कुणाच्या हाती पाठवत नसत. डोक्यावर टोपी घालून स्वतः त्या माणसासमोर जात आणि उभं राहून देत. "बसून द्यायची गोष्ट नाय ही."

सुधीरचा मेहुणा तावातावाने पडवीत आला. "कुणी सांगितला तुम्हाला हा शहाणपणा? पोरानं उडी टाकली म्हणजे?" काकांनी वही उघडून सही दाखवली. मेहुणा शिव्या घालत गेला. त्यानंतरचे जवळजवळ दोन आठवडे काकांनी कसे काढले ते काकीलाच ठाऊक. दुसऱ्या रविवारी बोटीवरून दोन ओळी आल्या. तिकडे सुधीरने डोकं भादरून घेतलं होतं, आणि इथं बाराव्याला पान वाढायचं त्याच वेळी त्याने तिथं एक ताट वेगळं काढून ठेवलं. येता आलं नाही, पण भावाचं करायला मिळालं, असं त्याने लिहिलं होतं. काकांनी वहीत 'पो.' लिहिलं आणि अंघोळीला गेले.

एवढं सगळं पाहूनही मी ॲप काढलंच. वाडीच्या मुंबई मंडळाने मला विचारलं, वाडीचं आपलं एक ॲप असावं, तू एवढी शिकलेली, आपल्या वाडीसाठी एवढं कर. मला मोह झाला. विद्यार्थ्यांना हाताशी धरून मी चार महिने खपले. फार सुबक झालं होतं ते. पालखीचे फोटो, व्हिडिओ, बातमी आली की टिंग वाजायचं. देवळाच्या सभामंडपात उद्घाटन झालं, नारळ काकांच्याच हस्ते फोडला. त्यांनी तो एका फटक्यात फोडला, माझं कौतुक केलं आणि हळूच विचारलं, "बोटीवर उघडंल काय गो?"

मी त्यांना आकडे दाखवले. त्यांच्याच पानाचे. शंभर वेळा पान उघडलं गेलं तर त्यातल्या शहाण्णव वेळा मोबाइलवरून, कसंबसं, अक्षरं एकमेकांवर चढलेली असताना. मोठ्या स्क्रीनवरून फक्त चार. "चार माणसांसाठी आता कोण वेबसाइट करतं काका?"

त्यांनी आकडे नीट वाचले. "ती चार कोण, ते मला ठाव हाय," एवढंच म्हणाले.

लोकांना ॲप आवडलं. बातमी घडली की फोटोसकट तिथं जाऊ लागली. साहजिकच बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठी पडेनाशी झाली. काका शनिवारी डबा उघडून बघत, झाकण लावून ठेवत. दारोदार जाऊन मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि चिठ्ठीशिवाय ते एक शब्द लिहीत नसत. पान आहे तसंच राहिलं. मला ते ठाऊक होतं. मला वाटलं, चाललंय ते चाललंय, जुनं असंच हळूहळू जातं.

मग एका सोमवारी काका कॉलेजात आले. स्टाफरूमच्या दारात उभे. हातात एक छापलेला कागद होता, तो त्यांनी मला दिला. सुधीरचा मेल होता. सहा रविवार झाले, पान हललं नाही. आईच्या नावापुढे अजून कापणीच चालू आहे. काका, मी हो लिहून सही केली होती ना? मग लपवताय का? आई गेली असेल तर सांगा. मला झोप लागत नाही, कामात हात चुकतात.

त्याची आई ठणठणीत होती. त्याच आठवड्यात ती ॲपवरच्या व्हिडिओत हळदीकुंकवाला उखाणा घेताना दिसली होती. वाडीतल्या सगळ्यांनी तो बघितला, तिच्या मुलाने सोडून. आमच्याकडे गप्प राहण्याचा अर्थ काय होतो हे बोटीवरच्या माणसाइतकं कुणाला कळत नाही, आणि हे मला, त्याच वाडीत जन्मलेल्या मुलीला, सुचू नये याची मला इतकी लाज वाटली की स्टाफरूममध्येच डोळे भरून आले. काका रागावले नाहीत. म्हणाले, "तुझं ॲप चांगलं हाय गो. इथल्यांना उपयोगी हाय. पण हे पान बंद पडलं तर ही पोरं कुठं जातील?"

त्या दिवसापासून माझं हसणं बंद झालं. दर शनिवारी मी वाडीला जाऊ लागले. ॲपवरच्या सगळ्या बातम्या कागदावर उतरवून न्यायच्या, काका सांगतील तशा रुंद पानावर चढवायच्या. त्यांची नजर अधू होत चालली होती, त्यामुळे टाईप मी करायचे आणि ते शेजारी बसून सांगायचे. तीन वर्षं हे चाललं. काकी चहा आणून ठेवायची. त्या शनिवारांइतकं उपयोगाचं काम मी पगार घेऊनही फारसं केलेलं नाही.

गेल्या वर्षी काकांचे डोळे पिवळे झाले. आधी सगळ्यांना कावीळच वाटली. उतरेना म्हणून रत्नागिरीला दाखवलं, तिथून कोल्हापूरला. यकृताचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टरांनी चार महिने सांगितले.

नितीन तेव्हा ब्राझीलहून निघून चीनच्या वाटेवर होता. एकदा समुद्रात शिरली की चाळीस-चाळीस दिवस किनाऱ्याला लागत नाही, अशी बोट. त्याचा करार संपायला पाच महिने होते, पुढे मोठी परीक्षा. काकी म्हणाली, त्याला कळवायचं नाही. येऊन काय करणार? पोराच्या जिवाला उगाच घोर. वाडीने मान डोलावली. माझ्या आईनेही. मला वाटलं, काका आता वही काढतील.

शनिवारी आम्ही बसलो. सगळी घरं झाली. शेवटी भाटकरांची ओळ आली. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लिही. सगळे बरे."

माझा हात थांबला. "काका, नितीनची सही—"

"वही माझी हाय. मला नको शिकवू."

ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. मी लिहिलं. बटण मीच दाबलं, ते बसून होते. पुढच्या शनिवारी म्हणाले, "आमचं गेल्या वेळचंच ठेव, तारीख बदल." मी तारीख बदलली. रात्री घरी आल्यावर मी नितीनच्या कंपनीला मेल लिहायला घेतला आणि पुसून टाकला. दुसऱ्याच्या घरात किती शिरायचं ते मला ठरवता येईना. आयुष्यभर जो माणूस एका गोष्टीवर ठाम उभा राहिला तो स्वतःच्या मुलापाशी येऊन खाली बसला होता, आणि ते मला बघवत नव्हतं. राग यायचा आणि रागाचीच शरम वाटायची.

तिसऱ्या शनिवारी काका फार थकलेले होते. खुर्चीत उशा लावून बसवलं होतं. काकी पेजेची वाटी घेऊन बाहेर आली. ती कधी स्क्रीनकडे बघत नसे, त्या दिवशी बघितलं. पदराला हात पुसत पुढे आली, भाटकरांची ओळ वाचली आणि म्हणाली, "हे माझं अक्षर हाय."

मला काही कळलं नाही. काकांनी मान वर केली.

"नववीत होते मी," काकी माझ्याकडे बघून सांगू लागली. "ह्यांच्या आईनं बोलावून घेतलं. तुझं अक्षर बरं हाय, आमच्या दत्ताला तेवढं लिही म्हणाली. चार पत्रं लिहिली मी, त्यांच्या मेलेल्या बापाच्या नावानं. चारी पत्रांत हेच, सगळे बरे. चौथ्या वेळी मी पेन खाली ठेवलं तर म्हातारीनं मला खोबऱ्याची वडी दिली." मग काकांकडे वळली. "लग्नानंतर मीच सांगितलं तुम्हाला. वर्षभर धड बोलला नाय माझ्याशी. आता नितीनला कळवू नका तेही मीच म्हटलं, माझी चूक झाली. पण ह्या वयात ते परत लिहिलेलं मला बघवत नाय वो."

वाटी तिच्या हातातच होती. काकांचं बोट टेबलाच्या कडेवर हळूहळू टकटक करत होतं. मग ते म्हणाले, "बोट नऊ दिवसांनी सिंगापूरवरून जाते. उद्या त्यानं वाचलं तर कंपनी त्याला तिथं उतरवील. नायतर चीन, आणि तिथून पुढं परत समुद्र." म्हणजे हे सगळे दिवस मनातल्या मनात ते बोटीच्या मागे मागे जात होते.

"पूस ती ओळ," ते म्हणाले. "लिही."

मी लिहीत गेले. नितीन, मला यकृताचा कॅन्सर आहे. डॉक्टर चार महिने म्हणतात, मी तीन धरतो. आई सोबत आहे. गेले दोन रविवार इथं सगळे बरे असं लिहिलं होतं, ते खोटं होतं आणि ते मी लिहायला लावलं. घाबरू नको. इथे ते थांबले. "घाबरू नको काढून टाक. तारेत ते कुणी वाचत नाय." मी काढलं. हातातलं काम दुसऱ्याला नीट सोपव आणि ये. बाबा.

खाली तीच ओळ इंग्रजी अक्षरांत लिहिली. बटणाकडे बाण नेला तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "हात दे. उठव."

"काका, बसून चालेल."

"चालत नाय."

एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने काकी. उभे राहिले तेव्हा लेंगा कमरेवर सैल झाला होता, तो काकीने धरून ठेवला. माउस त्यांनी हातात घेतला. बाण बटणावर जाईना, त्या रुंद पानावरून इकडून तिकडे, एकेका घराच्या नावावरून फिरत राहिला. शेवटी बाण जागेवर आला आणि त्यांनी दाबलं. पान गेलं, असं स्क्रीनवर आलं तोवर ते उभे होते.

त्या रात्री मी माहेरीच राहिले. रविवारी दुपारी जेवणं झाली आणि फळीवरचा फोन वाजला. काकी आणायला धावली तर काकांनी हात वर केला. ते स्वतः उठले. खुर्चीपासून फळीपर्यंतची ती चार पावलं त्यांनी भिंत धरून धरून टाकली. फोन वाजत राहिला, वाजायचा थांबला. काका फळीपाशी पोचून उभे राहिले. फोन परत वाजला.

बोटीवरच्या उपग्रहाच्या फोनवर तिकडचा आवाज यायला जरा वेळ लागतो. काकांना तो वेळ पाठ होता. "पोचली?" असं विचारून ते थांबले, डोळे मिटून. मग त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि टेबलावरच्या वहीकडे बोट दाखवलं. मी वही उघडली. नितीनच्या सहीपुढे 'पो.' लिहिलं.

नितीन सिंगापूरला उतरला, अकराव्या दिवशी घरी आला. बापलेकांना सात आठवडे मिळाले. त्या आठवड्यांत शनिवारचं पान नितीनच लिहायचा, काका सांगायचे, आणि मी मुद्दाम फारशी गेले नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे काका आहेत ते त्या रविवारचेच. बोलणं चालू असताना मधेच लाइन तुटली होती. काकी म्हणाली, "आता बसा." काका म्हणाले, "अर्ध्यात तुटलीय. तो परत करील. जागा सोडायची नाय." आणि ते तिथंच, चिऱ्याच्या भिंतीला हात टेकून, फोनकडे बघत उभे राहिले. त्यांचं बोट चिऱ्यावर टकटक करत होतं. या वेळी काकीने कुणाला कळवताय असं विचारलं नाही.